खाली घे

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, श्यामभाऊ भिड्यांच्या अंगणात त्यांची जुनी निळी फियाट नाक वर करून उभी होती आणि तिच्या पोटाखालून रावजी मांडवकराचे गुडघ्यापासून खालचे तेवढे दोन पाय बाहेर दिसत होते. उरलेला रावजी आत होता. आतून मधूनमधून पान्याचा ठणठणाट ऐकू येई, आणि तेवढ्यावरून काम चाललंय असं समजायचं.

गाडी श्यामभाऊंच्या वडिलांची. वडील गेले, श्यामभाऊ बँकेतून निवृत्त झाले, लेक नीरजा लग्न होऊन बंगलोरला गेली. गाडी मात्र नाचणे गावातल्या त्या अंगणात होती तिथेच राहिली. तिला पुन्हा रस्त्यावर आणली ती रावजीने. रावजी त्यांचा प्राथमिक शाळेतला सोबती. पस्तीस वर्षं मुंबईत टॅक्स्यांच्या गॅरेजात काढून तो गावी परत आला, आणि आल्या आल्या एका कीर्तनात दोघांची गाठ पडली. श्यामभाऊ पेटीवर बसले होते. तबलजी आला नव्हता म्हणून श्रोत्यांतून एक टक्कल पडलेला माणूस उठला आणि न विचारता तबल्याला जाऊन बसला. तो रावजी. कीर्तन करत होता गुरुप्रसाद आगाशे, शाळेत गणित शिकवणारा, वयाने दोघांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तेव्हापासून हे तिघे आणि ही गाडी. कीर्तनाचं वेड कुठे संपतं आणि फियाटचं कुठे सुरू होतं हे त्यांच्या बायकांनाही सांगता येत नसे.

उद्या संध्याकाळी अलोऱ्याला, वसाहतीतल्या देवळात दत्तजन्माचं कीर्तन होतं. गाडीनेच जायचं होतं, आणि नेमका सायलेन्सरचा पाइप पुढच्या जोडापाशी सुटला होता. गेल्या रविवारी हातखंब्यापासून घरापर्यंत ती अशी गरजत आली की माणसं दारात येऊन बघत राहिली.

"एकदा गॅरेजात टाका की," श्यामभाऊंच्या पत्नी लीलाताई सकाळी चहा देताना म्हणाल्या होत्या.

"वहिनी, माझ्या तोंडावर गॅरेजाचं नाव?" रावजी म्हणाला. "म्हणजे बुवांसमोर बसून रेडिओवरचं कीर्तन लावण्यासारखं झालं."

"रेडिओवरचं वेळेवर संपतं तरी," लीलाताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडी वर धरली होती बाटलीच्या आकाराच्या जॅकने. बाजूंना आधार म्हणून जांभ्याचे चिरे. आपल्याकडे चिऱ्याला काय काम सांगत नाहीत! घर चिऱ्याचं, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, चूल मांडायची तर तीन चिरे, बसायला चिरा, टेम्पोच्या चाकाला अडसर चिऱ्याचा. तेव्हा गाडीखाली चिरा लावताना कुणाच्या मनात काही येण्याचं कारणच नव्हतं. रावजीच्या घरचा जुना गोठा पाडला होता, त्यातले चार चिरे त्याची बायको मथुरा हिनेच निवडून टेम्पोत घालून दिले होते. डाव्या अंगाला दोन, उजव्या अंगाला दोन, एकावर एक. गाडी आणि वरचा चिरा यांच्यात दोन बोटांची फट. डावं पुढचं चाकही काढलं होतं, कारण गाडी वर घेतलीच आहे तर ब्रेकही बघून टाकू, असं रावजीचं म्हणणं.

श्यामभाऊ जॅकपाशी उकिडवे बसले होते. आतून हुकूम आला की दांडा मारायचा.

"वर घे. अजून. अजून एक. बस्स."

"बस्स?"

"बस्स म्हणजे बस्स. पेटीचा भाता नव्हे तो, हलवत बसू नको."

गुरुप्रसाद पडवीच्या पायरीवर बसून उद्याच्या आख्यानातलं पद घोळवत होता. मोबाईलवर तंबोरा लावलेला. आवाज त्याचा मूळचा गोड, पण भक्तीचा उमाळा आला की त्याला पट्टीचं भान राहत नसे. अनसूयामातेसमोर तिन्ही देव बाळं होऊन रांगतात, त्या ठिकाणी तर तो स्वतःच गहिवरायचा. आत्ताही तिथेच आला होता. श्यामभाऊंनी नकळत डोळे मिटले. जॅकच्या दांड्यावर त्यांची बोटं ठेका धरू लागली. थंडीतलं कोवळं ऊन, कलमांना नुकता फुटलेला मोहोर, त्याचा वास, आणि कानावर दत्तमहाराजांचं नाव. जन्माला आल्याचं सार्थक आणखी काय असतं, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात गाडीखालून रावजी ओरडला, "खाली घे रे जरा! लय वर चढलंय!" पुढे तो आणखीही काही म्हणाला, पण गुरुप्रसादची तान त्यावरून गेली.

श्यामभाऊंनी डोळे उघडले. खाली? आत्ता तर वर घे म्हणत होता. पण गाडीच्या बाबतीत रावजीला उलट विचारायचं नाही हा बारा वर्षांचा शिरस्ता. विचारलं की तो पाना खाली ठेवायचा आणि व्याख्यान द्यायचा. श्यामभाऊंनी दांड्याचं टोक जॅकच्या स्क्रूला लावलं आणि डावीकडे फिरवलं.

गाडीने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला आणि ती खाली आली. डाव्या चिऱ्यावर टेकली. आणि चिरा फुटला.

मोठा आवाजसुद्धा झाला नाही. दाताखाली खडीसाखर फुटावी तसा कुरकुरला, आणि आतून भुसभुशीत झालेला तो चिरा लाल माती होऊन ओघळला. जॅक आडवा झाला. गाडी डावीकडे कलली आणि धप्पकन बसली.

मग काहीच नाही. लाल धूळ उडाली ती उन्हात तरंगत राहिली. गुरुप्रसादचं तोंड उघडंच होतं, त्यातून सूर यायचा थांबला होता. मोबाईलवरचा तंबोरा तेवढा एका लयीत वाजत होता, जसं काही झालंच नाही. गाडीच्या बाहेर दोन पाय होते. एका पायातली चप्पल तुळशीपाशी जाऊन पडली होती. अंगठे आभाळाकडे, आणि स्थिर.

श्यामभाऊंना हाक मारायची होती. हातातला दांडा त्यांनी तसाच धरून ठेवला होता, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना आठवायचा तो त्या दांड्याचा थंडगार स्पर्श.

"रावजीभावोजी!" ही हाक लीलाताईंची. त्या दारात आल्या होत्या. हातात खोबऱ्याची वाटी, दुसऱ्या हातात विळी. वाटी घरंगळत पायऱ्या उतरली.

डावी टाच हलली. मातीवर एकदा घासली, पुन्हा घासली.

"जिता आहे!" गुरुप्रसाद किंचाळला आणि धावत येऊन त्याने बंपरला हात घातला. श्यामभाऊंनी दांडा टाकून दुसरं टोक धरलं. दोघांनी जीव खाऊन जोर लावला. गाडी एवढीशी हलली, आणि आतून जो आवाज आला तो माणसाचा आहे असं वाटेना.

"हलवू नका! थांबा, हलवू नका!" लीलाताई ओरडल्या. त्यांचं डोकं तेवढं जागेवर होतं. त्या गडगा ओलांडून शेजारच्या बागेत धावल्या. या वयात, पातळ नेसून, गडगा ओलांडून! तिथे मोहोरावर फवारणी करणारे चार नेपाळी गडी होते. नळी टाकून ते आले, येताना एकाने आंब्याला आधार दिलेला जाड वासा उपटून आणला. त्यांनी वासा गाडीखाली सारला, उजव्या बाजूचा शाबूत चिरा टेकू म्हणून मध्ये घालून वाशाला रेटा दिला, आणि "एक, दो, तीन" म्हणत गाडी उचलली. लीलाताईंनी आणि गुरुप्रसादने पाय धरून रावजीला बाहेर ओढलं.

रावजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळसर. श्वास आत जात होता पण अर्ध्यावरून परत फिरत होता. डोळे उघडे होते. त्याने श्यामभाऊंकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं की आता हा काहीतरी बोलणार. पण बोलण्याएवढी हवाच नव्हती त्याच्यात.

गाडीखाली वाकून बघितलं तेव्हा कळलं तो वाचला कसा. काढलेलं चाक त्याने आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवलं होतं. गॅरेजातली जुनी सवय. गाडी जमिनीवर न बसता त्या चाकावर बसली होती. चाकाच्या जाडीएवढ्या जागेत रावजी मावला होता, मावेल तेवढा.

इस्पितळात डॉक्टरांनी फोटो काढले. गळ्यापाशीचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्या तडकल्या होत्या. फुप्फुसाला इजा नव्हती. "आजची रात्र लक्ष ठेवू. पण नशीबवान आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "अजून दोन इंच, आणि आपण वेगळं बोलत असतो."

श्यामभाऊ बाकावर बसून होते. सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जात होती: चिरा फुटला. लीलाताईंनी डॉक्टरांना तेच सांगितलं, गुरुप्रसादने फोनवर चारजणांना तेच सांगितलं. जॅकचं नाव कुणी काढलं नाही, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. श्यामभाऊही गप्प राहिले. ते लबाडीने नव्हे. त्यांना वाटत होतं, खाली घे असं रावजीनेच सांगितलं, अंदाज त्याचा चुकला. आता तो आत तसा पडला असताना त्याची चूक बाहेर कशाला काढायची? मित्राला झाकणं हेही एक पुण्यच.

बाराच्या सुमाराला मथुरा आली. हातात कापडी पिशवी, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं. सगळं ऐकून घेतलंन, आणि मटकन खाली फरशीवरच बसली.

"चिरे मी दिले," ती म्हणाली. "मी, माझ्या हातानं. ते म्हणत होते नवे आणू खाणीवरून. मीच म्हटलं, कशाला, गोठ्याचे आहेत ते घेऊन जावा. चाळीस पावसाळे खाल्लेले चिरे ते. शेणाचं नि मुताचं पाणी मुरलेलं. मला कळू नये?"

"असं नका म्हणू, वहिनी," श्यामभाऊ म्हणाले.

"मग काय म्हणू, भाऊ? नवऱ्याच्या छातीवर मीच चिरा ठेवला."

लीलाताईंनी तिला जवळ घेतलं. श्यामभाऊंनी मान खाली घातली. सांगावं का, असं एकदा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे रावजीवर ढकलायचं. ते पुन्हा गप्प बसले.

दोनच्या सुमाराला गुरुप्रसाद त्यांना ओढून समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. चहा दोघांनीही प्यायला नाही.

"श्यामभाऊ, मला एक राहून राहून आठवतंय. त्याच्या तोंडचे शेवटचे शब्द मलाच होते."

"कुठले?"

"खाली घे म्हणाला. लय वर चढलंय, उद्या अलोऱ्यात आवाज फाटेल. तुम्ही ऐकलं नाही? मी पायरीवर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. मी म्हटलं हो, सूर उतरवतो, एवढी ओळ संपवून. तेवढ्यात…" त्याला हुंदका आला. "गाडीखाली पडलेला माणूस, भाऊ, आणि त्याचं लक्ष माझ्या पट्टीवर!"

श्यामभाऊंना समोरचा रस्ता दिसेनासा झाला. रिक्षा, माणसं, उसाचा चरक, सगळं होतं तिथेच, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. उद्या अलोऱ्यात आवाज फाटेल. तानेखाली बुडालेलं वाक्य ते हे.

खाली घे. अहो, हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात कितीदा ऐकले होते! भर कीर्तनात, बुवांचा सूर भलतीकडे निघाला की रावजी तबल्यावरून कलून त्यांच्या कानाशी हेच तर पुटपुटायचा. आणि ते दोन पट्ट्या खाली उतरून गुरुप्रसादला अलगद आणायचे. सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यात रावजीच्या त्या दोन शब्दांचा अर्थ चटकन कळणारा माणूस एकच, आणि तो श्याम भिडे. आज त्याच्या हातात पेटी नव्हती, जॅक होता, एवढाच फरक.

"काय झालं? छातीत दुखतंय का?" गुरुप्रसाद घाबरला.

"गुरू, मी जॅक सोडला," श्यामभाऊ म्हणाले.

"काय?"

"मला वाटलं, मला म्हणतोय. गाडी खाली घे म्हणतोय."

गुरुप्रसादने ग्लास टेबलावर ठेवला, तो कडेवर ठेवला गेला आणि पडून फुटला. टपरीवाला काहीतरी बोलला. दोघांपैकी कुणालाच ते ऐकू आलं नाही.

"कुणाला सांगू नका," गुरुप्रसाद हळू आवाजात म्हणाला. "सांगून काय होणार आहे? माणूस वाचलाय. महाराजांनी सांभाळलं. त्यांचीच इच्छा म्हणायची."

परत जाताना श्यामभाऊंच्या डोक्यात तेच घुमत होतं. खरं तर इतकं सोपं होतं. चिरा मुका. मथुरेने स्वतःच दोष घेतला होता. आणि वाचवणाऱ्याच्या नावाने हात जोडले की पाडणाऱ्याचं नाव विचारायला कुणी थांबत नाही. पण त्यांनी उभा जन्म कीर्तनात घालवला होता. पूर्वरंगात सत्याचं निरूपण चालू असताना माना डोलावल्या होत्या, डोळे पुसले होते, घरी येऊन लीलेला सांगितलंही होतं, आज बुवा काय बोलले म्हणून. आज देवाच्या नावाआड लपून बसलो तर उद्या पेटीवर बोट ठेवताना तो देव समोरच उभा असेल, आणि त्याला सगळं ठाऊक असेल.

चारला रावजीला भेटायला सोडलं. खांदा पट्ट्यांनी बांधलेला, चेहऱ्यावर थोडा रंग आलेला. मथुरा खाटेशी उभी राहून त्याच्या कपाळाला अंगारा लावत होती.

"देवानं वाचवलान," ती म्हणत होती. "आता घरी गेले की राहिलेले चिरे पयले फोडून टाकते. एक ठेवणार नाय."

"वहिनी," श्यामभाऊ म्हणाले, "चिऱ्यांचा दोष नाही. तुमचा तर नाहीच. मी जॅक सोडला. हा गुरूला म्हणाला, सूर खाली घे. मी गाडी खाली घेतली."

लीलाताईंचा हात पदराशी गेला तो तिथेच राहिला. मथुरेचं बोट रावजीच्या कपाळावर टेकलेलं होतं, तसंच होतं. रावजी छताकडे बघत होता. बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. जणू गाडी पुन्हा एकदा त्याच्यावर आली.

"तू?" तो कसाबसा म्हणाला.

"हो."

श्वास गोळा करायलाच त्याला वेळ लागत होता.

"स्क्रू किती फिरवलास?"

श्यामभाऊंना प्रश्नच कळला नाही. "अं?"

"किती… फिरवलास?"

"अर्धा फेरा. थोडा जास्त असेल."

"अर्धा!" रावजी उसळला आणि बरगड्या धरून कळवळला. "मेल्या, पाव म्हणजे पाव… बारा वर्षं सांगतोय. केसाएवढा उघडायचा तो. अर्धा फेरा कोण फिरवतो? आणि तुला… तुला माझं खाली घे कळलं नाय? तुला?"

त्या शेवटच्या 'तुला'मध्ये काय होतं ते दोघांनाच कळलं. श्यामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. रावजीने मोकळा हात चादरीवरून थोडा सरकवला. त्यांच्यापर्यंत पोचला नाही. श्यामभाऊंनी पुढे होऊन धरला.

मथुरा मात्र मागे सरली होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"जॅक सोडल्याचं… तेव्हापासूनच. मला वाटलं यानेच सांगितलं. म्हणून बोललो नाही."

"बारा वाजता मी त्या फरशीवर बसले होते. डोकं आपटत होते. तुम्ही समोर होतात, भाऊ."

"हो."

"गाडीचं राहू दे. माणसाकडून होतं तसं, कानानं फसवलान. पण चार तास तुम्ही मला बघत होतात?"

श्यामभाऊंनी कीर्तनात ऐकलेलं सगळं आठवून पाहिलं, त्यात याचं समर्थन कुठे नव्हतं. मित्राला झाकण्याच्या पुण्याखाली ही बाई चिरडली जात होती, आणि तिच्याकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"चुकलो, वहिनी," ते म्हणाले. "गाडीपेक्षा मोठं चुकलो."

मथुरेने पिशवीतून पेला काढला, रावजीला चमच्याने पाणी पाजलं, ओठ पुसले. मग पिशवी नीट केली, पुन्हा उघडली, पुन्हा नीट केली. गुरुप्रसाद दाराशी उभा राहून अलोऱ्याला फोन लावत होता. उद्या साथीला कुणी नाही, एसटीने एकटाच येतो, झांजेवर निभावून नेऊ, असं काहीतरी हळू आवाजात सांगत होता.

"दीड महिना हात हलवायचा नाय म्हणालेत," मथुरा अखेर म्हणाली, श्यामभाऊंकडे न बघता. "घरी दोन म्हशी दुभत्या. धार हेच काढतात. माझी बोटं सांध्यात धरतात."

"मी येतो," श्यामभाऊ म्हणाले.

"तुम्ही?" आता तिने पाहिलं. "तुम्हाला येते काय धार काढायला?"

"नाही."

रावजी हसायला गेला आणि दुखऱ्या बरगडीने त्याला गप्प केलं. "लाथ मारतील रे… बँकवाल्याला."

"मारू देत," मथुरा म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. तिने पदर खोचला, पिशवी खाटेखाली सरकवली आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "साडेपाचला धार असते आमच्याकडे. सहाला आलात तर म्हशी पान्हा चोरतात."

"साडेपाचला येतो."

"पाचला या," ती म्हणाली. "हात धुऊन, आधी त्यांच्या अंगावरून फिरवायला लागतो. ओळख व्हायला दोन दिवस जातील."